वाळवंटात डबा लपवायचा तर... सावली, साप आणि शोधणाऱ्याचा जीव

लेटरबॉक्स म्हटलं की आपल्यासमोर पोस्टाची लाल पेटी उभी राहते. पण इंग्लंड-अमेरिकेत याच नावाचा एक खेळ आहे आणि आता त्याचा टपालखात्याशी काही संबंध उरलेला नाही. कुणीतरी रानात एक छोटा डबा लपवतो. डब्यात हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि एक वही असते. तो डबा कुठे आहे याच्या खुणा कोड्यासारख्या लिहून तो लोकांना कळवतो. शोधणारा आपली वही आणि आपला शिक्का घेऊन निघतो. डबा सापडला की त्यातल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा, आपला ठसा डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून निघायचं. बक्षीस नाही, पैसा नाही.

हिरव्या मुलखात हा खेळ सोपा आहे. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यासारख्या तापलेल्या वाळवंटात मात्र डबा कुठे ठेवला यावर दोन गोष्टी ठरतात. एक, डबा उन्हात किती दिवस टिकेल. दुसरी, तो शोधायला येणारा अनोळखी माणूस धड घरी जाईल की नाही. पहिल्या गोष्टीवर खेळणारे लोक भरपूर बोलतात. दुसरी जास्त मोठी आहे.

खेळ आला कुठून

इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं माळरान आहे. दलदल, धुकं आणि उघडे खडक. तिथे जेम्स पेरॉट नावाचा वाटाड्या होता, चॅगफर्ड गावचा. त्याने १८५४ साली क्रॅनमिअर पूल या अवघड जागी एक बाटली ठेवली. एवढ्या लांब चालत येणाऱ्याने आपलं नावाचं कार्ड त्या बाटलीत टाकून जावं, एवढाच हेतू. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पत्रं ठेवू लागले. पुढचा येणारा ती उचलून पोस्टात टाकायचा. लेटरबॉक्स हे नाव त्यावरून पडलं.

अमेरिकेत हे वेड पसरलं ते १९९८ साली ‘स्मिथसोनियन’ मासिकात या छंदावर लेख आला त्यानंतर. दोन वर्षांनी, मे २००० मध्ये, अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी वापरावरची अचूकतेची मर्यादा उठवली आणि जीपीएसवर डबा शोधायचा ‘जिओकॅशिंग’ नावाचा भाऊबंद खेळ सुरू झाला. जिओकॅशिंगमध्ये जागेचे आकडे मिळतात. लेटरबॉक्सिंगमध्ये होकायंत्र, पावलं आणि डोकं वापरावं लागतं. जुने खेळाडू त्यामुळे लेटरबॉक्सिंगलाच जास्त मान देतात.

मुलूख कसा आहे

अ‍ॅरिझोनाचा दक्षिण भाग, कॅलिफोर्नियाचा थोडा कोपरा आणि मेक्सिकोचा मोठा पट्टा मिळून सोनोरन वाळवंट होतं. नुसती वाळूच वाळू असं चित्र डोक्यात असेल तर काढून टाका. खडकाळ माळ, काटेरी झुडपं, कोरडे नाले आणि मधेमधे दोन-तीन मजली इमारतीएवढे उंच साग्वारो निवडुंग, असा तो प्रदेश आहे. झाडं तर आपल्या माणसाला ओळखीची वाटतील. आपल्या बांधावरची घायपात मूळची मेक्सिकोकडची. फड्या निवडुंग अमेरिका खंडातून आला. गावोगाव माजलेली वेडी बाभूळ ही तिकडच्या मेस्कीट झाडाची सख्खी नातलग. आपल्याकडे ती डोकेदुखी आहे, तिकडे तिच्या शेंगांचं पीठ करून खाल्लं जातं.

ऊन मात्र आपल्या विदर्भाला मागे टाकणारं. फिनिक्स शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. ते शहर ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथे त्या एका वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. शेजारच्या कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १९१३ साली ५६.७ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि १९७२ साली तिथल्या जमिनीचं तापमान ९३.९ अंश भरलं. हा आकडा हवेचा नाही, मातीचा आहे. डबा ठेवायचा असतो तो मातीवर, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

डबा, शिक्का, वही

ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. प्लास्टिकमध्ये काजळी मिसळली की ऊन आत शिरत नाही आणि नळी वर्षानुवर्षे टिकते. शेडनेट घेताना ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे का’ हे आपण दुकानदाराला विचारतोच. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या, पारदर्शक डब्याला यातलं काहीच केलेलं नसतं. उन्हात तो आधी पिवळट होतो, मग कडक होतो आणि एखाद्या दिवशी झाकण उघडताना बिजागरी कटकन तुटते. रानात उघड्यावर राहिलेल्या जुन्या बादलीचं जे होतं, तेच. म्हणून वाळवंटात डबा घट्ट झाकणाचा घ्यावाच, पण त्याला आसपासच्या दगडाच्या रंगाचा मळकट, न चमकणारा रंग द्यावा. रंगामुळे डबा लपतो आणि प्लास्टिकवर थेट ऊनही पडत नाही.

बरेच जण लष्कराचे जुने लोखंडी काडतुसांचे डबे वापरतात. ते मजबूत असतात, उंदीर कुरतडू शकत नाही. पण उन्हात तापले की हात भाजतो, आणि लोखंड जवळ असलं की होकायंत्राची सुई भरकटते. लेटरबॉक्सिंगला दोन्ही गोष्टी त्रासाच्या. काचेची बरणी तर नकोच. फुटली की जनावरांच्या पायात जाते.

शिक्क्याचं दुखणं वेगळं. हौशी माणूस बहुतेक वेळा खोडरबरसारख्या मऊ ठोकळ्यावर शिक्का कोरतो. त्यात मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य उष्णतेने बाहेर सुटतं आणि प्लास्टिकला चिकटतं. शाळेच्या कंपासपेटीत खोडरबर पट्टीला चिकटून बसलेलं कुणी पाहिलं नाही? तसाच शिक्का डब्याच्या तळाला चिकटतो. कापडाच्या चिंधीत किंवा साध्या कागदात गुंडाळून ठेवला तर वाचतो. लाकडी ठोकळ्यावर डिंकाने चिकटवलेला शिक्का एका उन्हाळ्यात सुटून येतो, त्यामुळे जाणकार लोक ठोकळा लावतच नाहीत.

शाईचं पॅड डब्यात ठेवण्यात अर्थ नाही. ते वाळून पापड होतं. शोधणाऱ्यानेच आपलं पॅड आणावं, असं खुणांच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलेलं बरं. पेनाचंही तेच, एकतर सुकतं नाहीतर उष्णतेने गळून अख्खी वही निळी करतं. शिसपेन्सिल ठेवावी. वहीला रबरबँड लावू नये, तो काही महिन्यांत तुकडे होऊन पडतो. साधी दोरी पुरते. झिपच्या पिशव्या दोन घालाव्यात, कारण वाळवंटातला पाऊस थोडा असला तरी येतो तेव्हा बेफाम येतो.

सावली एक, गिऱ्हाईकं अनेक

आता मुख्य प्रश्न, डबा ठेवायचा कुठे. साधं उत्तर म्हणजे सावलीत. सूर्य तिकडेही दक्षिणेकडून फिरतो, म्हणून मोठ्या खडकाची उत्तर किंवा ईशान्य बाजू बरी. पश्चिम बाजू टाळायची, कारण दुपारनंतरचं ऊन सगळ्यात जास्त भाजतं. डब्याखाली दोन चपटे दगड घालून थोडी हवा खेळती ठेवली की तापलेल्या मातीचा चटका कमी बसतो. पुरणं या खेळात मुळातच चालत नाही. खड्डा खणला की मातीही बिघडते आणि पुढचा माणूस डबा शोधण्यासाठी आणखी चार ठिकाणी खणतो.

पण जी सावली डब्याला हवी असते, तीच त्या मुलखातल्या प्रत्येक जिवाला हवी असते. घोळ तिथे सुरू होतो.

रॅटलस्नेक म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी साप. भर उन्हात तो उघड्यावर थांबत नाही, खडकाच्या कपारीत जातो. थंडीतही कपारीतच दडून असतो. खुळखुळा वाजवून तो इशारा देतो हे खरं, पण दर वेळी देतोच असं नाही. साप चावलाच तर चिरा देणं, रक्त चोखणं, करकचून दोरी बांधणं, बर्फ लावणं यातलं काहीही करायचं नाही. हात स्थिर ठेवून थेट दवाखाना गाठायचा. हे आपल्याकडच्या नागा-घोणसालाही तसंच लागू आहे.

तिथला बार्क स्कॉर्पियन हा विंचू अमेरिकेतला सगळ्यात विषारी. बोटभर, फिकट पिवळसर. त्याची एक सवय डबा ठेवणाऱ्याने ओळखलीच पाहिजे. हा विंचू जमिनीवर बसण्यापेक्षा वस्तूच्या खालच्या अंगाला उलटा लटकून राहतो. म्हणजे माणूस वरून बघतो, सगळं साफ दिसतं, दगड उचलायला बोटं खाली घालतो आणि नांगी तिथेच असते. या विंचवाच्या विषावर मेक्सिकोत तयार होणाऱ्या प्रतिविषाला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली. कोकणातला लाल विंचू मात्र याहून घातक मानला जातो, आणि त्याच्या दंशावर प्राझोसीन हे औषध देऊन माणसं वाचवता येतात हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. विंचवाच्या बाबतीत आपला माणूस जगाला शिकवणारा आहे, हे सांगायला हरकत नाही.

विंचवाच्या अंगावर जांभळ्या किरणांची बॅटरी मारली की तो हिरवट निळा चमकतो. अशी छोटी बॅटरी स्वस्तात मिळते आणि अ‍ॅरिझोनातले लोक रात्री घराभोवती ती फिरवतात. डबा शोधायला मात्र तिचा दिवसा उपयोग नाही.

मधमाश्यांचं प्रकरण तितकंच गंभीर. आफ्रिकी संकरातल्या तापट मधमाश्या १९९३ साली अ‍ॅरिझोनात पोहोचल्या. खडकाची पोकळी, पोकळ खोड, पाण्याच्या मीटरची पेटी, कुठेही पोळं करतात आणि छेडलं की लांबपर्यंत पाठलाग करतात. कपारीतून घोंघावणं ऐकू आलं तर ती जागा सोडायची.

या सगळ्यांत एक चोरही आहे. पॅकरॅट नावाचा उंदीर. घुशीएवढा, गोड तोंडाचा. त्याला वस्तू गोळा करायचा नाद असतो. तोंडात काडी घेऊन जाताना वाटेत चकाकणारं काही दिसलं तर काडी तिथेच टाकतो आणि ती वस्तू उचलतो. त्यामुळे तिकडचे लोक त्याला अदलाबदल करणारा उंदीर म्हणतात. डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर शिक्का त्याच्या बिळात आणि डब्यात निवडुंगाचा तुकडा, असंही होऊ शकतं. गंमत म्हणजे या उंदरांच्या ढिगाऱ्यांतला काडीकचरा कोरड्या गुहांमध्ये हजारो वर्षं टिकतो. शास्त्रज्ञांनी त्यातली पानं-बिया तपासून चाळीस हजार वर्षांपूर्वी तिथे कोणती झाडं होती ते शोधून काढलं आहे.

म्हणून अनुभवी लोकांचा नियम असा की डबा अशा जागी ठेवायचा, जिथे शोधणाऱ्याला हात घालण्याआधी डोळ्यांनी आत बघता येईल. खोल कपार, बीळ, पालापाचोळ्याचा ढीग, सगळं बाद. गुडघ्याच्या वर, उघड्या तोंडाची, काठीने आधी ढोसता येईल अशी खोबण मिळाली तर उत्तम. डबा थोडा लवकर सापडेल, कोड्याची मजा कमी होईल. होऊ द्या.

कासवाचं बीळ ही आणखी एक मोहात पाडणारी जागा. अर्धगोल तोंडाचं, सावलीचं, कोरडं. पण मोहावी वाळवंटातलं रानकासव १९९० पासून कायद्याने संरक्षित आहे. या कासवाला नुसतं उचललं तरी घाबरून ते पोटात साठवलेलं पाणी सोडून देतं, आणि पुढच्या पावसापर्यंत तेच पाणी त्याला पुरवायचं असतं. बिळाच्या आसपासही डबा नको.

कोरडा नाला

उन्हाने थकलेल्या माणसाला नाल्याचं पात्र बरं वाटतं. दोन्ही बाजूंना झाडं, खाली मऊ वाळू, चालायला सरळ वाट. डबा लपवायला तर झाडांच्या मुळ्या, दरडीतल्या खोबणी हव्या तेवढ्या. आणि नेमकी तीच जागा वाईट.

अ‍ॅरिझोनातही मान्सून असतो. त्याला ते मान्सूनच म्हणतात आणि त्याचा सरकारी हंगाम १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरला जातो. आपल्यासारखी झड लागत नाही. दुपारी ढग जमतात, तासाभरात धो धो कोसळतं आणि संपतं. जमिनीखाली ठिकठिकाणी चुनखडीचा दगडासारखा घट्ट थर आहे, पाणी मुरत नाही, सगळं नाल्याकडे धावतं. पाऊस वीस-तीस किलोमीटरवरच्या डोंगरात पडलेला असतो आणि इकडे डोक्यावर निळं आभाळ असताना नाला भरून येतो. घोट्याच्या थोडं वर आलेलं वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं, फूटभर पाणी लहान गाडी ओढून नेतं. आपल्याकडे दर पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणारे दिसतातच. अ‍ॅरिझोनाने १९९५ मध्ये त्यावर कायदा केला. अडथळा ओलांडून पाण्यात गाडी घातली तर सुटकेचा खर्च त्याच माणसाकडून वसूल करता येतो. लोकांनी त्या कायद्याचं नाव ‘मूर्ख ड्रायव्हर कायदा’ ठेवलंय.

डबा वाहून जाणं हे नुकसान शंभर-दोनशे रुपयांचं. पण खुणांच्या चिठ्ठीत ‘नाल्याने पाचशे पावलं वर चाला’ असं लिहिलेलं असेल तर ती चिठ्ठी जुलैमध्येही तशीच राहते आणि कुणीतरी ती वाचून नाल्यात उतरतो. नाला ओलांडायला लावणाऱ्या खुणाही शक्यतो नकोत.

जमीन कुणाची

रान मोकळं दिसलं म्हणून ते कुणाचंच नाही असं समजायचं नाही. राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय कुठलीही वस्तू चोवीस तासांपेक्षा जास्त सोडून जाणं नियमाविरुद्ध आहे, त्यामुळे साग्वारो राष्ट्रीय उद्यानात गुपचूप डबा ठेवता येत नाही. केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याच्या साध्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चालतं, पण त्यातल्या राखीव वनक्षेत्रात नाही. अ‍ॅरिझोना १९१२ साली राज्य झालं तेव्हा शाळांच्या उत्पन्नासाठी दिलेल्या मोठ्या जमिनी आहेत. तिथे फिरायलाच परवाना काढावा लागतो.

तोहोनो ओओधाम या आदिवासींचा भूभाग दक्षिण अ‍ॅरिझोनात मोठा आहे. तिथे त्यांच्या परवानगीशिवाय जायचं नाही. त्यांच्या दृष्टीने साग्वारो हे झाड नाही, माणूस आहे. जूनच्या शेवटाला त्याची लाल फळं लांब काठीने पाडायची आणि मग पावसाची वाट बघायची, तिथून त्यांचं नवं वर्ष धरलं जातं. त्या निवडुंगाला खिळा ठोकून किंवा त्याच्या ढोलीत डबा अडकवणं हा त्यांच्या लेखी किती मोठा अपमान असेल याचा अंदाज आपल्या देवराया माहीत असणाऱ्याला येईल. शिवाय राज्याच्या कायद्यानेही तो निवडुंग संरक्षित आहे.

जुन्या वस्तीचे अवशेष, खडकावरची कोरीव चित्रं यांच्यापासून लांब राहायचं. शोधणारे लोक दगड हलवतात, हा खेळाचा स्वभावच आहे. हजारो वर्षांत खडकांवर चढलेला काळपट थर एकदा खरवडला की आपल्या हयातीत परत येत नाही. साधा दगड उलटला तरी फिकट बाजू वर येते आणि दुरून ओळखू येतं. दगड हलवलाच तर काळी बाजू वर करून ठेवायची. मातीवरही काही ठिकाणी शेवाळ आणि सूक्ष्म जीवांची खडबडीत साय असते. तिच्यामुळे माती उडत नाही. एका बुटाचा ठसा भरून यायला तिला कित्येक वर्षं लागतात. म्हणून डबा पायवाटेपासून चार पावलांवर, खडकावरूनच पोहोचता येईल असा हवा.

जुन्या खाणी अ‍ॅरिझोनात जागोजागी उघड्या पडल्या आहेत. आत थंडावा असतो, म्हणून लोक शिरतात. आत विषारी हवा, कुजलेल्या लाकडांचे आधार, अंधारात सरळ खाली जाणारे खड्डे. तिथे डबा ठेवणाऱ्याला खेळाडू म्हणता येणार नाही.

खुणा लिहिताना

डार्टमूरवर ‘त्या टेकडीच्या रेषेत उभे राहा’ असं लिहिलं की काम होतं. वाळवंटात निवडुंग सगळे सारखे दिसतात, वादळात पडतात, झुडूप वाळून जातं. खूण कायम दगडाची किंवा डोंगराच्या सुळक्याची धरावी. दगडांची नवी रास रचू नये, कारण वाट दाखवायला रचलेल्या राशी वेगळ्या असतात आणि चुकलेला माणूस आपल्या राशीमागे भलतीकडे जातो.

होकायंत्राचीही एक अडचण आहे. अ‍ॅरिझोनात होकायंत्राची उत्तर खऱ्या उत्तरेपेक्षा सुमारे १० अंश पूर्वेला सरकलेली असते. शंभर पावलं चाललं की सतरा-अठरा पावलांचा फरक पडतो. खुणा खऱ्या उत्तरेच्या आहेत की होकायंत्राच्या, एवढं एक वाक्य लिहिलं नाही तर शोधणारा भर उन्हात भलत्या खडकाभोवती तासभर फिरतो. थंड हवेत तो तास वाया जातो एवढंच. ४२ अंशात तो तास महागात पडतो.

कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही, येताक्षणी उडून जातो. माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाहीये. प्रत्यक्षात चढावर चालताना तासाला लिटरभर पाणी सहज जातं. डेथ व्हॅलीत येणाऱ्यांना उद्यानाचे लोक दिवसाला किमान चार लिटर पाणी सांगतात. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ लागतं. मे महिन्यात तूर काढलेल्या रानात नांगरणी करणारा माणूस मीठ-साखरेचं लिंबूपाणी बरोबर नेतो, त्यामागे हेच कारण. बोलणं अडखळायला लागलं, चालताना तोल जायला लागला, माणूस विचित्र वागायला लागला, की तो उष्माघात समजायचा. सावलीत घ्यायचं, अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि मदत बोलवायची. बसून बरं वाटेल म्हणून थांबायचं नाही.

त्यामुळे खुणांच्या चिठ्ठीच्या वर, कोडं सुरू होण्याआधी, साध्या भाषेत चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. जाऊन-येऊन अंतर किती. वाटेत सावली आणि पाणी आहे की नाही. मोबाईलची रेंज कुठपर्यंत मिळते. आणि कोणत्या महिन्यांत यायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात कामाचं. दक्षिण अ‍ॅरिझोनात या खेळाचे महिने म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल. फिनिक्स शहराने तर अति-उष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी कॅमलबॅक डोंगरावरच्या अवघड वाटा दिवसा बंद ठेवायला सुरुवात केली आहे. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला तो डोंगर शहरातच आहे म्हणून सोपा वाटतो, आणि निम्म्या वाटेत पाणी संपतं. बाटली निम्मी झाली की परत फिरायचं, डबा सापडो न सापडो, असा तिकडे साधा हिशेब सांगतात.

पायात चोया निवडुंगाचा गोळा रुतणं ही तर नेहमीची गोष्ट. हाताने ओढायला गेलं की हातालाही चिकटतो. त्यासाठी तिकडचे लोक खिशात साधा कंगवा ठेवतात. कंगव्याचे दात गोळ्याखाली घालायचे आणि झटक्यात उडवायचा.

डबा काढून घेणं

डबा ठेवणाऱ्याचं काम ठेवून संपत नाही. मार्च-एप्रिलमध्ये एक फेरी मारून झाकण, शिक्का, वही बघायची. ज्याला उन्हाळ्यात लोकांनी येऊ नये असं वाटतं, त्याने डबा घरी आणावा आणि खुणांच्या पानावर ‘ऑक्टोबरपर्यंत डबा जागेवर नाही’ असं लिहून टाकावं. डबा नाही म्हटल्यावर कुणी उन्हात जात नाही. पावसाळा संपल्यावर जागा पुन्हा तपासायची. पाण्याची वाट बदललेली असते, कपारीत नवा रहिवासी आलेला असतो, दगड सरकलेला असतो. जागा बदलली तर खुणाही त्याच दिवशी बदलायच्या. आणि खेळ सोडायचा असेल तर डबा उचलून आणायचा, जुन्या खुणा संकेतस्थळावरून काढायच्या. नाहीतर डबा फुटून चार वर्षं झालेली असतात आणि कुणीतरी त्याच खडकाखाली अजून हात घालून बघत असतो.